सीआरपीचा आकडा काय सांगतो? रक्ताचा रिपोर्ट आणि शेकडेवारीचा एक धडा



२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ हे शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचले. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायचे आणि खाली प्रश्न असायचा, "सीआरपी ४० आलाय, आता काय होणार?" लाट ओसरली, पण सवय राहिली. आजही मुलाला दोन दिवस ताप-खोकला झाला की काही पालक डॉक्टरांआधी लॅब गाठतात. म्हणून आजचा विषय हा: रक्तातल्या अशा खुणांवरून विषाणूचा आजार पुढे किती वाढेल हे खरंच सांगता येतं का?

थोडक्यात उत्तर: काही प्रमाणात येतं. पण आकडा कोणाचा आहे, आजाराच्या कितव्या दिवशीचा आहे आणि कशासोबत वाचला आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. हे नीट समजून घेऊ.

या खुणा येतात कुठून?

विषाणू श्वासनलिकेच्या किंवा फुप्फुसाच्या पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. शेजारच्या पेशींना ही पहिली सूचना असते. मग पांढऱ्या पेशी कामाला लागतात आणि निरोप देणारी आणखी प्रथिनं सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. आयएल-६ हे त्यातलंच एक. ते रक्तातून यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत सीआरपी तयार करू लागतं.

सीआरपीचा शोध तसा जुना आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला.

म्हणजे सीआरपी विषाणू मोजत नाही. शरीरात दाह किती चालू आहे हे तो सांगतो. शाळेची घंटा वाजली एवढं लांबून ऐकू येतं, पण ती जेवणाची की सुट्टीची हे आत आल्यावरच कळतं. तसंच हे आहे. जिवाणूंचा न्यूमोनिया, मोठी जखम, भाजणं, संधिवात, यातही सीआरपी वाढतो.

कोविडमध्ये काय दिसलं?

जानेवारी २०२० मध्ये वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातल्या २६ जणांच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. अतिदक्षता विभागात गेलेल्यांच्या रक्तात काही सायटोकाइन इतरांपेक्षा जास्त होते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयांत दाखल झालेल्या १४८४ रुग्णांचे सायटोकाइन मोजले गेले. दाखल होताना ज्यांचे आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा जास्त होते, त्यांच्यात आजार गंभीर होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. वय आणि आधीचे आजार हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला.

आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. आजार जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य आजार किंवा लक्षणंच नसलेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती. म्हणजे या लोकांत पहिली सूचनाच नीट पोचली नाही. विषाणूला मोकळं रान मिळालं आणि प्रतिकाराचा गोंधळ नंतर उडाला. "प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं बरं" असं आपण सहज म्हणतो, पण वेळेवर सुरू होणं आणि वेळेवर थांबणं हेही तितकंच महत्त्वाचं.

आता गणिताकडे वळू

समजा, एक तपासणी आहे. गंभीर होणाऱ्या १०० पैकी ८० जणांना ती बरोबर पकडते, आणि गंभीर न होणाऱ्या १०० पैकी २० जणांना उगाच "धोका" दाखवते. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.)

पहिला गट: रुग्णालयात दाखल झालेले १००० जण. त्यातले ३०० गंभीर होणार आहेत.
- बरोबर पकडले: ३०० चे ८० टक्के = २४०
- उगाच धोका दाखवला: ७०० चे २० टक्के = १४०
- एकूण "धोका" दाखवलेले ३८०, त्यातले खरे २४०. म्हणजे सुमारे ६३ टक्के.

दुसरा गट: घरीच असलेले, सौम्य लक्षणांचे १००० जण. त्यातले फक्त २० गंभीर होणार आहेत.
- बरोबर पकडले: २० चे ८० टक्के = १६
- उगाच धोका दाखवला: ९८० चे २० टक्के = १९६
- एकूण "धोका" दाखवलेले २१२, त्यातले खरे १६. म्हणजे साडेसात टक्के.

तपासणी तीच, रिपोर्टही तसाच. पण दवाखान्यात त्याचा अर्थ "शंभरात ६३" आणि घरी "शंभरात सात-आठ". शिवाय दुसऱ्या गटातले चार जण तपासणीतून सुटलेच. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून ते निर्धास्त राहिले तर तोही धोकाच. वर सांगितलेली वुहान आणि न्यूयॉर्कची माहिती रुग्णालयात दाखल झालेल्यांची आहे. ती जशीच्या तशी घरी खोकणाऱ्या मुलाला लावता येत नाही.

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही हेच बजावलं होतं की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि अशा रक्त तपासण्या करत बसू नका, त्यातून घबराट वाढते.

आकड्यामागे धावल्यानं काय बिघडतं?

नुसती घबराट झाली असती तर एक वेळ चाललं असतं. पण आकडा पाहून औषध सुरू होतं. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र फायदा दिसला नाही. तरी आपल्याकडे अनेकांनी घरच्या घरी, लवकर स्टिरॉइड घेतलं. दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही मुख्य कारणं मानली जातात.

मग हे मार्कर निरुपयोगी का?

अजिबात नाही. त्याच 'रिकव्हरी' चाचणीत टोसिलिझुमॅब हे आयएल-६ चं काम अडवणारं औषध कोणाला द्यायचं, हे दोन गोष्टींवरून ठरवलं होतं. शरीरातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांपेक्षा कमी (किंवा ऑक्सिजन लावलेला) आणि सीआरपी ७५ किंवा जास्त. दोन्ही एकत्र. नेहमीच्या उपचारांवर २८ दिवसांत ३५ टक्के रुग्ण दगावले, औषध मिळालेल्यांत ३१ टक्के. शंभरामागे चार जीव वाचले.

ब्रिटनमध्येच तयार झालेल्या '४-सी' गुणपद्धतीत आठ गोष्टी धरतात: वय, लिंग, इतर आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध, रक्तातला युरिया आणि सीआरपी. आठात सीआरपी एक. आपण वर्षभराचा निकाल एका चाचणीच्या गुणांवर लावत नाही, तसंच हे.

पालकांसाठी चार गोष्टी

१. रिपोर्टवर एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. ४ आणि ४० हा एकच सीआरपी असू शकतो!
२. एका आकड्यापेक्षा चढ-उतार महत्त्वाचा. सीआरपी काही तासांत वाढू लागतो आणि दाह थांबला की एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरतो. पुन्हा कधी तपासायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या.
३. मुलाचे श्वास मोजा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. लगेच डॉक्टरांकडे न्या.
४. श्वास घेताना छाती आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल पाणी-दूध घेत नाही किंवा सारखं गुंगीत राहतं, तर लॅबच्या रिपोर्टची वाट बघू नका. थेट दवाखाना.

वर्गासाठी उपक्रम

सहावी-सातवीला शेकडेवारी शिकवताना वरचं उदाहरण फळ्यावर घ्या. १००० ऐवजी १०० चिंचोके चालतील. गंभीर होणारे म्हणून काहींना खडूची खूण करा. पहिल्या वेळी ३० चिंचोक्यांना, दुसऱ्या वेळी फक्त पाच चिंचोक्यांना. तपासणीचे नियम तेच ठेवा आणि "धोका" दाखवलेल्यांत खरे किती हे मुलांनाच मोजू द्या. शेवटी विचारा, "तपासणी बदलली नाही, मग उत्तर का बदललं?" या प्रश्नावर वर्गात चांगली चर्चा होते. मुलं घरी जाऊन हेच आई-बाबांना समजावतील, तेव्हा रिपोर्टकडे बघण्याची घरातली नजरही हळूहळू बदलेल.

उपक्रम करून बघा आणि मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.