सण जुळतात, सवयी जुळवाव्या लागतात

आमच्या ओळखीत कुणाच्या मुलीने किंवा मुलाने अमेरिकन जोडीदार निवडला, की घरच्यांचा फोन मला येतो. मी सांगलीची, नवरा ओहायोचा, आणि आमचा संसार तिकडेच झालेला. आई-वडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. जेवणाखाण्याचं कसं होईल? सणवार होतील का? मी त्यांना सांगते, याची काळजी करू नका. घरात गणपती बसवायला अमेरिकन जावयाची हरकत नसते, मखराची रोषणाई तोच हौसेने करतो. नाताळचं झाड आणि दिवाळीचा आकाशकंदील एका दिवाणखान्यात सुखाने नांदतात.

खटके उडतात ते दुसरीकडेच. आई-वडिलांची जबाबदारी, पैसा, मुलांचं संगोपन, आजारपण, मरण आणि सरकारी कागद. लग्नाआधीच्या गप्पांत यातलं काहीच निघत नाही, कारण दोघांनाही आपल्या घरची रीत हीच जगाची रीत वाटत असते. लग्न ठरवणाऱ्यांनी हे विषय आधीच काढावेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

परतीचं तिकीट

लग्नानंतर आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे यायचे होते. व्हिडिओ कॉलवर तारखांची बोलणी चालली होती. नवऱ्याने सहज विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं काढायचं?" आई म्हणाली, "बघू ना, तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ," आणि तिने फोन बाबांकडे दिला. नंतर मला एकटीला फोन करून विचारलं, "आमचं येणं जावयांना जड वाटतंय का गं?" इकडे नवरा कॅलेंडर उघडून बसला होता. वर्षाची मोजकी रजा त्याला त्यांच्या मुक्कामात नीट वाटून घ्यायची होती, त्यांना नायगारा दाखवायचा होता. तारखा कळल्याशिवाय त्याला पाहुणचार आखता येत नव्हता. आणि आमच्याकडे पाहुण्याला जायची तारीख विचारणं म्हणजे त्याला दार दाखवणं.

दोघंही भल्या मनाची, तरी आईच्या मनातली सल बरेच दिवस गेली नाही. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो मी प्रत्येक जोडप्याला सांगते : ज्याचे आई-वडील, त्यानेच त्यांच्याशी अवघड विषय बोलायचा. जावयाने किंवा सुनेने विचारलेला साधा प्रश्नही सासरी वेगळा ऐकू येतो.

या फरकाच्या मुळाशी स्वभावापेक्षा व्यवस्था जास्त आहे. अमेरिकेत १९३५च्या कायद्याने सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन आलं आणि १९६५च्या कायद्याने पासष्टीनंतरच्या औषधोपचारासाठी मेडिकेअर आलं. म्हातारपणी मुलाकडे राहायला जावं लागणं माझ्या सासूबाईंना स्वातंत्र्य गमावल्यासारखं वाटतं. आपल्याकडे बहुतेकांना मुलांचाच आधार. २००७ साली तर आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदाच झाला. हे नवऱ्याला नीट समजावलं, तेव्हा "तुझे आई-बाबा स्वतःचं का बघत नाहीत?" हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

आई-वडिलांना बोलावताना मुक्काम किती दिवसांचा, हे तिकिटाआधी ठरवा. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. ती वरची मर्यादा आहे, तेवढं राहिलंच पाहिजे असं नाही. आमच्यासारख्या उपनगरात गाडीवाचून भाजीसुद्धा आणता येत नाही, त्यामुळे गावात रोज चार घरं फिरणारा माणूस महिन्याभरात कोमेजतो. विमा निघण्यापूर्वीच काढा. मेडिकेअर पाहुण्यांसाठी नसतं आणि इमर्जन्सी रूमच्या एका खेपेचं बिल हजारो डॉलरवर जाऊ शकतं. बीपी, शुगर आधीपासून असेल तर त्याबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय, हे स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

भावाला दिलेले पैसे

माझ्या धाकट्या भावाच्या शिक्षणाला मी पैसे पाठवले, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "हे कर्ज आहे की भेट?" मला तो प्रश्न लागला. सख्ख्या भावाशी कसलं कर्ज आणि कसली भेट! पण त्याच्या घरी आई-वडिलांनी मुलाला घरासाठी दिलेल्या पैशांचाही कागद झाला होता, आणि त्यात कुणालाच काही गैर वाटलं नव्हतं. कागद केला की नातं सुरक्षित राहतं, असा त्यांचा विश्वास. हिशोब मागितला की नातं उसवतं, असा आपला.

यावर तोडगा निघाला तो असा. घरखर्चाचं एक सामाईक खातं, दोघांची स्वतंत्र खाती, आणि माहेरी पाठवायची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी मिळून ठरवायची. त्या रकमेतून मी कुणाला काय देते, हे तो विचारत नाही. त्याबाहेर द्यायचं झालं तर मी विचारल्याशिवाय देत नाही.

भारतातल्या खात्यांबद्दल विशेष सावध राहा. परदेशात स्थायिक झाल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं) करून घ्यावं लागतं. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्या परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे विवरणपत्र दरवर्षी भरावं लागतं. बाबांनी सोयीसाठी मुलीचं नाव लावलेलं संयुक्त खातंही त्यात धरतात. जावयाचं नाव कौतुकाने ठेवीवर घालण्याआधी दोन्ही देशांचे करनियम माहीत असलेल्या सल्लागाराला विचारा. एफबार न भरल्याचा दंड मोठा असतो.

मध, पाळणा आणि मराठी

बाळंतपणाला आई आली ती मेथीचे लाडू, डिंक आणि बाळगुटीचं सामान घेऊन. लाडू नवऱ्यानेही आवडीने खाल्ले. पण बाळाला मध चाटवायची वेळ आली आणि तो आडवा आला. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. आई म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना मीच चाटवलाय." दुसरा वाद झोपेचा. आईला बाळ बाळंतिणीच्या कुशीत हवं होतं, सासूबाईंनी वेगळी खोली रंगवून ठेवली होती. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची शिफारस दोघींच्याही मधली निघाली : पहिले निदान सहा महिने बाळ आई-बाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या पाळण्यात. पाळणा पलंगाशेजारी आला आणि दोन्ही आज्यांचं समाधान झालं.

आम्ही तेव्हा ठरवलं, की बाळाच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे डॉक्टरांचा शब्द अखेरचा. बाकी तेल-मालिश, शेक, धुरी, बारसं यांत ज्याला ज्याची हौस, त्याने ते करावं. नावाचं मात्र आधी ठरवून ठेवा. बाराव्या दिवसाची वाट बघायला हॉस्पिटल थांबत नाही, जन्मदाखल्यासाठी घरी सोडण्याआधीच नाव विचारतात. आणि मुलाला चापट मारणं आपल्याकडे अजून सहज घेतलं जातं, तिकडे तसं नाही. मुलाला मारहाण होत असल्याचा संशय आला, तर ते कळवणं शिक्षक आणि डॉक्टरांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. येणाऱ्या आजी-आजोबांना हे स्पष्ट सांगा.

मराठीसाठी एकट्या आईने किंवा बापाने कंबर कसावी लागते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अमेरिकेत अनेक शहरांत भरतात, त्यांचा आधार घ्या. पण जेवणाच्या टेबलावर अमेरिकन आजी बसलेल्या असताना अर्धा तास मराठीत बोलत राहिलात, तर त्यांना परकं वाटतं. माझ्या सासूबाईंनी मला तसं सरळ सांगितलं आणि मला ते पटलं.

दुःखाचे दिवस

सासरे मंगळवारी गेले, अंत्यविधी शनिवारी ठरला. मधले दिवस घर शांत होतं. कुणी धावत आलं नाही, कुणी गळ्यात पडून रडलं नाही. शेजारच्या बाई दारात ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये कॅसरोल ठेवून गेल्या. झाकणावर टेपने चिकटवलेल्या चिठ्ठीत त्यांचं नाव आणि ओव्हनमध्ये किती वेळ ठेवायचं, एवढंच लिहिलं होतं. फ्युनरल होममध्ये ठरल्या वेळी लोक रांगेने आले. नवरा प्रत्येकाशी बोलला, वडिलांच्या गमती सांगताना हसलासुद्धा. आणि पुढच्या आठवड्यात कामावर गेला. वडील गेल्याचं याला दुःख आहे की नाही, हा प्रश्न मला छळत राहिला. मी त्याच्या उशापायथ्याशी बसून राहायचे, पुन्हा पुन्हा विचारायचे, आणि तो आणखी मिटत जायचा.

मग आमची आजी गेली. आम्ही तिकिटं शोधत होतो, तोवर तिकडे दहनसुद्धा झालं. नवऱ्याला ते फार क्रूर वाटलं. नात पोचेपर्यंतही का थांबले नाहीत, असं तो विचारत राहिला. आम्ही दिवसांना पोचलो. वाड्यात सकाळपासून माणसांची रीघ, प्रत्येकाला आजीचं शेवटचं दुखणं पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येकाबरोबर पुन्हा रडायचं. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "हे लोक तुम्हाला एकटं कधीच सोडत नाहीत का?" आणि त्याचे वडील गेले तेव्हा मी त्याच्यामागे का लागून होते, हे त्याचं त्यालाच उमगलं. मलाही त्या कॅसरोलचा अर्थ कळला. तुमच्या दुःखात आम्ही शिरणार नाही, पण तुम्हाला जेवण करावं लागू नये, ही त्यांची माया होती.

हा विषय अभद्र मानून टाळू नका. दहन की दफन, कोणते विधी, कोण विमानाने जाणार, हे धडधाकट असतानाच बोलून ठेवा. अचानक निघावं लागलं तर तिकिटाचे पैसे बाजूला असावेत. आणि अमेरिकन जोडीदाराकडे भारताचा चालू व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हाताशी असावं, नाहीतर ऐन वेळी एकटीलाच निघावं लागतं.

कागद आधी, अक्षता नंतर

अंतरपाट धरून, सप्तपदी घालून झालेलं लग्न घरच्यांना पूर्ण वाटतं. पण हिंदू विवाह कायद्याखाली वधू-वर दोघंही हिंदू असावे लागतात. जोडीदार ख्रिस्ती किंवा अन्यधर्मीय असेल, तर भारतातलं लग्न सहसा १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली करावं लागतं. त्यासाठी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य हवं, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस हरकतींसाठी जातात. पंधरा दिवसांची रजा काढून आलेल्या जावयाचं नोंदणीकृत लग्न त्यात बसत नाही. हॉल बुक करण्याआधी विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन या.

लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं, तर ते दोन वर्षांचंच, सशर्त असतं. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत अट काढण्याचा अर्ज करावा लागतो. तो एरवी नवरा-बायकोने मिळून करायचा असतो. सामाईक घरभाडं, बँक, विमा, फोटो अशी संसाराची सगळी कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. तिकडच्या जोडीदाराला लग्नाच्या आधारावर ओसीआय हवं असेल, तर लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, आणि घटस्फोट झाला तर ते कार्डही जातं.

एक अप्रिय गोष्टही सांगते. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या १९८०च्या हेग करारात अमेरिका आहे, भारत नाही. संसार मोडला आणि एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मुलाला दुसऱ्या देशात नेलं, तर मूल आणि दुसरा पालक यांची वर्षानुवर्षं ताटातूट होऊ शकते. रागाच्या भरात मुलांना घेऊन विमानात बसण्याआधी वकिलाला भेटा.

सगळंच संस्कृतीवर ढकलू नका

घरच्यांचा विरोध फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये लव्हिंग खटल्याचा निकाल दिला, तोवर १६ राज्यांत आंतरवंशीय लग्नांवर बंदी होती. माझ्या सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. त्या पिढीच्या मनातला अवघडपणा ओळखा, त्यांना वेळ द्या. आपल्या आई-वडिलांसाठी मागता तेवढाच.

पण जोडीदार पासपोर्ट स्वतःकडे दडवून ठेवत असेल, बँकेचा व्यवहार कळू देत नसेल, माहेरी फोन करू देत नसेल, हात उगारत असेल, तर तो संस्कृतीतला फरक नव्हे. तो छळ आहे, मग माणूस ओहायोचा असो की सांगलीचा. छळ झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या जोडीदाराला ग्रीन कार्डची अट काढण्यासाठी एकट्याने अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे, त्यामुळे कागदांच्या भीतीने कुणी मार खात राहू नये. न्यू जर्सीतली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून छळ सोसणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते आहे.

ज्यांचं लग्न ठरतंय त्यांनी एक शनिवार काढावा. आई-वडील, पैसा, मुलं, मरण आणि कागद, हे पाच विषय समोर ठेवून दोघांनी आपापल्या घरची रीत सांगावी, आणि ती तशी का पडली तेही सांगावं. सगळ्यावर एकमत होणार नाही, व्हायची गरजही नाही. आपला माणूस कुठे अडेल आणि का अडेल, हे आधी माहीत असलं, की वाद झाला तरी त्याच्या प्रेमाबद्दल शंका येत नाही. आणि मुलीच्या किंवा मुलाच्या आई-वडिलांना माझी विनंती आहे : जावयाला पुरणपोळी आवडेल का, हे जरूर विचारा, पण त्याआधी ही पाच बोलणी झालीत का, ते विचारा.