इंजिनाचे झाकण

कला शाखेच्या विद्यार्थिनीने इंजिनावर लिहावे, हा अधिकारभंग आहे असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. इतिहास हा माझा विषय आणि त्याच विषयाने मला या कामात हात दिला, तो कसा ते पुढे येईलच.

आमच्या घरी जुनी स्प्लेंडर आहे. हिरो होंडाने १९९४ साली ही गाडी काढली. पुढे २०११ मध्ये कंपनीचे नाव बदलले, तरी आमच्याकडे तिला अजून ‘होंडा’च म्हणतात. आण्णा सकाळ-संध्याकाळ तिच्यावर दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जातात. गेल्या हंगामात कडेगाव-विटा रस्त्यावर उसाच्या पाचटावरून चाक घसरले, गाडी उजव्या अंगावर पडली आणि क्लचच्या बाजूचे कव्हर दगडावर आपटून फुटले. खालच्या कडेला करंगळीच्या नखाएवढे भोक पडले. आण्णांनी तत्काळ इंजिन बंद केले, भोकात फडक्याचा बोळा कोंबला आणि गाडी ढकलत घरी आणली. तेवढ्या शहाणपणाने इंजिन वाचले. या इंजिनात तेल असते जेमतेम लिटरभर. ते निघून गेल्यावर इंजिन चालू ठेवले तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो आणि मग नुसत्या झाकणावर भागत नाही.

गॅरेजात चार दिवसांचा वायदा मिळाला. म्हशींना वायदा कळत नाही. नवे कव्हर, पॅकिंग आणि किकचे ऑईल सील आणून मी आण्णांना म्हटले, “आपण घरीच बसवू.” ते म्हणाले, “आगं, उघडून ठेवशील, आन् मग जोडायचं कुणी?” त्यांची भीती खोटी नव्हती. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. तिथे लोखंडी नांगर होऊ लागले, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल असे शेतकऱ्यांना वाटत होते. नवे हत्यार प्रथम भयच दाखवते.

आता कृती. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. खाली जुनी परात ठेवून सतरा नंबरच्या पान्याने तळाचा बोल्ट काढावा व उरलेले तेल गाळून घ्यावे. किक काढावी, क्लचची केबल सैल करून सोडवावी, पायटा आड येत असेल तर तोही काढावा. मग कव्हरचे आठ नंबरचे बोल्ट. हे सगळे एका लांबीचे नसतात, आणि नवशिक्याची फजिती इथेच होते. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर तो बुडाला टेकतो. कव्हर ढिलेच राहते आणि आपण जोर करीत बसतो. तेवढ्यात अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. मी पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढली, जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवला. कव्हर पॅकिंगला चिकटून बसते. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये, जोडाच्या तोंडावर ओरखडा पडतो आणि तिथून तेल पाझरते. लाकडी दांडक्याने भोवताली हलके ठोकले की ते सुटते.

कव्हर सुटले आणि खरी अडचण तेव्हा समजली. फुटलेले तुकडे मी वर्तमानपत्रावर जुळवत बसले. उत्खननात खापरे जुळवतात तसेच. दोन तुकडे नेमके बसले, तिसऱ्याची जागा रिकामी. तो रस्त्यावर पडला असेल, किंवा इंजिनात. इंजिनात असेल आणि गिअरच्या दातांत सापडला तर सगळी मेहनत पाण्यात. आण्णांनी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक आणून आत फिरवले. पण अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही! शेवटी तेलाची जाळी बाहेर काढली, आत हळूहळू डिझेल ओतले, आणि तळाच्या भोकातून येणारी धार आईच्या दूध गाळायच्या फडक्यातून घेतली. पहिल्या दोन वेळी नुसता काळा गाळ. तिसऱ्या वेळी फडक्यात काहीतरी चकाकले. तो तुकडा खापरांच्या मध्ये ठेवला, तेव्हा आण्णा पहिल्यांदा खाली बसले.

पुढचे काम संथपणे करायचे. जुन्या पॅकिंगचे कपटे बांबूच्या चपट्या काडीने खरवडावेत. आत काही पडू नये म्हणून भोकांवर कापड अंथरावे. दोन पोकळ गाईड पिना असतात. त्यांतील एक हमखास जुन्या कव्हरमध्येच अडकून राहते, ती विसरू नये. सीलच्या ओठाला ग्रीस लावून कव्हर किकच्या दांड्यावरून अलगद सरकवावे. ते बसत नसेल तर दांडा किंचित फिरवावा. बोल्ट आवळून कव्हर ओढून घेणे हा आडदांडपणा, त्याने नवे कव्हरही तडकते.

बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. किती? दहा सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर पुरेसा होतो. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम इंजिनात बोल्टवरचा ताण आपोआप वाढतो. “अजून एक पिळा” हा आमच्या घराण्याचा हव्यास इथे घातक. क्लचच्या मुठीला टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर ढील ठेवावी. तळाचा बोल्ट नवीन वॉशर घालून बसवावा, मगच नवे तेल ओतावे. हा क्रम माझ्या धाकट्या भावाने उलटा करून दाखवला, अंगण अजून तेलकट आहे.

इंजिन तीन मिनिटे चालवले, बंद करून थोडे थांबून काडीने पातळी पाहिली. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून आम्ही झोपलो. पहाटे आण्णांनी ते बॅटरीच्या उजेडात उलटसुलट पाहिले आणि घडी करून कोनाड्यात ठेवले. कागद कोरडा होता. किटल्या अडकवून ते नेहमीच्या वेळी डेअरीला गेले. आईचे गाळणीचे फडके मात्र अजून माझ्याकडून येणे आहे.