आधी कॉन्ट्रॅक्ट नंबर विचारा

आयटीआयचा निकाल लागला की घरचे एकच विचारतात, "अप्रेंटिसला पगार किती?" मी टर्नर ट्रेडचा. पगाराचं नंतर बघा, आधी कॉन्ट्रॅक्ट नंबर विचारा, असं मी आता प्रत्येक पोराला सांगतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपनं मला 'अप्रेंटिस' म्हणून घेतलं. लेथला हात लागलाच नाही. डीबरिंगच्या टेबलावर कानस घेऊन बसायचं, जॉबच्या कडा घासायच्या. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणायचा, "घास की लेका, ह्येबी शिकणंच हाय." स्लिपवर पीएफ कापलेला दिसला तेव्हा घरात आनंद झाला, पीएफ म्हणजे पक्की नोकरी! आयटीआयच्या सरांनी मात्र स्लिप बघून कपाळाला हात लावला. "अरे, पीएफ कापतात म्हणजे तू अप्रेंटिस नाहीसच."

1961 च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्याला मिळतं ते विद्यावेतन. त्यातून पीएफ, ईएसआय कापत नाहीत. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर माझी नोंदणी होती, पण कंपनीनं करार केलाच नव्हता, म्हणून कॉन्ट्रॅक्ट नंबरही नव्हता. मी होतो ठेकेदाराचा कामगार. ते काम हलकं नाही, पण तसं तोंडावर सांगायला हवं होतं. करार नाही म्हणजे विद्यावेतनातला सरकारचा हिस्सा नाही आणि शेवटी अखिल भारतीय शिकाऊ परीक्षाही नाही. परीक्षा नाही तर प्रमाणपत्र कुठलं?

दुसऱ्या ठिकाणी रीतसर करार झाला, लेथही मिळाली. तिथं पैशाचं गणित कळलं. 2016 साली आलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं, पण महिन्याला 1500 च्या वर नाही. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन 7000 होतं. म्हणजे 5500 कंपनीचे, 1500 सरकारचे. पूर्वी हा वाटा मालकाला परत मिळायचा. ऑगस्ट 2023 पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात येऊ लागला. म्हणून खात्यात कमी रक्कम दिसली की लगेच मालकाशी भांडू नका. कंपनीनं आपला हिस्सा पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचा असतो. सरकारचा त्यानंतर, आणि कंपनीनं पोर्टलवर माहिती भरली तरच.

माझे 1500 मात्र येईनातच. शोध घेतला तर ते शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्यात जात होते. ते पासबुक आईच्या ट्रंकेत तळाला! कंपनीला तुम्ही कुठलंही खातं द्या, सरकारचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. ते कुठल्या बँकेत, हे आधारच्या संकेतस्थळावर मोबाइलच्या ओटीपीनं दिसतं. रुजू होण्याआधीच बघून घ्या.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना वेगळी, 2024 ची. तिथलं विद्यावेतन राज्य सरकारचं, आणि शिकाऊ परीक्षेचा तिच्याशी संबंध नाही. दोन्हींची गल्लत करून फॉर्म भरणारे दर वर्षी भेटतात.

कंपनी करार करायला टाळाटाळ करत असेल तर जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय कार्यालयात, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या कार्यालयात जा. सोबत पगाराची स्लिप आणि गेटपासची झेरॉक्स न्या. नुसत्या तोंडी तक्रारीला तिथं कुणी विचारत नाही.