दाढ दुखते, कोणाकडे जावे?

(पाठपरिचय : दात दुखू लागला की आपण 'दाताचे डॉक्टर' शोधतो. परंतु डोळ्यांसाठी, हाडांसाठी जसे निराळे डॉक्टर असतात, तसेच दातांमध्येही निरनिराळ्या कामांचे तज्ज्ञ असतात. कोणत्या त्रासासाठी कोणाकडे आणि केव्हा जावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि आपले दात मोजा. किती भरले? बाळ साधारण सहा महिन्यांचे झाले की त्याला पहिला दात येतो. दुधाचे दात एकूण २० असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास ते पडू लागतात आणि त्यांच्या जागी कायमचे दात येतात. मोठ्या माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. त्यांपैकी शेवटच्या चार दाढा सतरा ते पंचवीस या वयात येतात. कोणाकोणाला त्या येतही नाहीत. उर्दूत तुम्ही त्यांना 'अक्ल दाढ' म्हणता. मराठीतही त्या अक्कलदाढाच आहेत. शब्द तोच आणि दुखणेही तेच!

दाताला कीड लागली, असे मराठीत म्हणतात. उर्दूतही 'दांत में कीड़ा लगना' म्हणतात. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. दातांत अडकलेल्या गोड व चिकट अन्नावर तोंडातील सूक्ष्म जंतू वाढतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात झिजतो. दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण त्याला संवेदना नाही. म्हणून कीड कवचात असते, तोपर्यंत काहीच दुखत नाही. ती खोल गेली की थंड पाण्याने झिणझिणते. नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते. शेवटी मुळाशी पू होतो आणि गाल सुजतो.

आता विचार करा. पहिल्या पायरीवर गेलात, तर दातात सिमेंट भरून काम भागते. नसेपर्यंत कीड गेल्यावर बहुतेक वेळा रूट कॅनाल करावे लागते. त्याहून उशीर झाला, तर दात काढावा लागतो. म्हणून दुखत नाही म्हणजे कीड नाही, असे समजू नका. दात दुखत नसला तरी वर्षातून एकदा तपासून घ्यावा.

पहिला दरवाजा

दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर बहुधा 'बीडीएस' असे लिहिलेले असते. इंटर्नशिप धरून हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तपासणी, दातांची सफाई, सिमेंट भरणे, साधा दात काढणे ही कामे हे डॉक्टर करतात. कोणताही त्रास असो, आधी त्यांच्याकडेच जावे. गरज वाटल्यास ते चिठ्ठी देऊन तज्ज्ञाकडे पाठवतात. बीडीएसनंतर आणखी तीन वर्षे एकाच विषयाचा अभ्यास केला की 'एमडीएस' ही पदवी मिळते. हेच तज्ज्ञ. आता त्यांची ओळख करून घेऊ.

कोणते काम कोणाचे?

समजा, तुमची धाकटी बहीण सहा वर्षांची आहे. तिच्या दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ आली आहे. ती यावी म्हणून कोणताही दात पडलेला नाही. त्यामुळे घरातील माणसांना वाटते, हीही दुधाचीच, किडली तर पडून जाईल. परंतु ही कायमची दाढ असते! ती गेली तर पुन्हा येत नाही. लहान मुलांचे दात सांभाळणारे आणि भेदरलेल्या मुलांना धीर देऊन उपचार करणारे जे तज्ज्ञ असतात, त्यांना बालदंतरोगतज्ज्ञ म्हणतात.

रूट कॅनाल करणारे तज्ज्ञ दाताच्या आतील खराब झालेली नस काढतात, पोकळी स्वच्छ करून भरतात आणि दात वाचवतात. रात्री ठणका लागत असेल, गरम पदार्थाने कळ येत असेल, तर तुमचे डॉक्टर यांचे नाव सांगतील.

दात घासताना हिरड्यांतून रक्त येते का? रक्त येते म्हणून काही जण दात घासणेच सोडतात. त्यामुळे दुखणे वाढते. दातांवर साठलेला कीट काढून घेतला पाहिजे. दात हलू लागले असतील, तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जावे. घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या हिरड्यांकडे अधिक लक्ष द्यावे.

दात वेडेवाकडे असतील, वरचे आणि खालचे दात नीट जुळत नसतील, तर दातांना तारा लावणारे तज्ज्ञ मदत करतात. दहा ते चौदा हे वय या उपचारासाठी बरेचदा सोयीचे असते. परंतु मोठेपणीही तारा लावता येतात. या उपचाराला एक-दोन वर्षे लागतात. म्हणून धीर हवा.

आडवी आलेली अक्कलदाढ काढणे, मोडलेला जबडा बसवणे ही कामे मुखशल्यचिकित्सक करतात. मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकलवरून पडून जबड्याला मार लागला, तर याच तज्ज्ञांची गरज पडते. हेल्मेट घातले तर डोके आणि चेहरा दोन्ही वाचू शकतात, हेही लक्षात ठेवा.

नाना-नानींची कवळी कोण बनवते? कृत्रिम दात बसवणारे तज्ज्ञ. दातच नाहीत म्हणून भाकरी पाण्यात बुडवून खाणारी वडीलधारी माणसे आपल्या घरांत असतात. त्यांना एकदा या डॉक्टरांकडे घेऊन जा.

तोंडातील चट्टे, जखमा आणि एक्स-रे पाहणारे मुखरोगतज्ज्ञ असतात. आणखी दोन प्रकारचे तज्ज्ञ आपल्याला क्वचित भेटतात. एक जण तोंडातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. दुसरा गावोगावी आणि शाळांत तपासणी शिबिरे घेतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट

मुलांनो, आता एक चाचणी करा. आपली मधली तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. तिन्ही बोटे सहज गेली पाहिजेत. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू आतून आखडते. आधी तिखट सोसत नाही, नंतर तोंड उघडत नाही. घास तोंडात घालणेही कठीण होते. आखडलेले तोंड पूर्ववत होणे फार अवघड असते आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. कोणी 'एक पुडी खाऊन बघ' म्हणाले, तर स्पष्ट नाही म्हणा.

मशेरी म्हणजेही भाजलेला तंबाखूच. तिने दात स्वच्छ होतात, हा गैरसमज आहे. घरात आई किंवा दादी मशेरी लावत असेल, तर रागावू नका. हा पाठ त्यांना वाचून दाखवा. तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा पांढरा अथवा लाल चट्टा तसाच राहिला, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवावा. कर्करोगाची शंका असेल, तर मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे.

घाईची वेळ

मैदानावर खेळताना कायमचा दात मुळासकट पडला, तर घाबरू नका. दात वरच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल, तर दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. शक्य असेल तर तो त्याच जागी बसवा. नाहीतर कपभर दुधात ठेवा आणि अर्ध्या-एका तासाच्या आत डॉक्टरांकडे पोहोचा. अशा वेळी रोह्याच्या मुलाने पेणची आणि पेणच्या मुलाने पनवेलची वाट धरू नये. जवळचा डॉक्टर तोच योग्य. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

गाल सुजून ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालयात जा. दुखऱ्या दाताखाली तंबाखू किंवा गोळी दाबून ठेवू नये. तिने हिरडी भाजते.

कुठे जावे?

पेण आणि रोहा या दोन्ही गावांत सरकारी रुग्णालय आहे. तेथे केसपेपरच्या खिडकीवर दातांच्या डॉक्टरांचा वार आणि वेळ विचारावी. तज्ज्ञाची गरज असेल आणि खर्च परवडत नसेल, तर दंत महाविद्यालयाचा विचार करावा. तेथे अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार होतात. आपल्या रायगड जिल्ह्यातच कामोठे आणि खारघर येथे दंत महाविद्यालये आहेत. रोहा किंवा पेणहून पनवेलला जावे. तेथून लोकलने मानसरोवर किंवा खारघर स्थानकावर उतरावे. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलजवळ १९३३ साली स्थापन झालेले नायर दंत महाविद्यालय आहे. रोजे असतील, तर डॉक्टरांना तसे सांगून सोयीची वेळ मागावी.

भारतातील पहिले दंत महाविद्यालय कोणी काढले, ठाऊक आहे? डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी झाला. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते परतले आणि १९२० साली त्यांनी कोलकात्यात हे महाविद्यालय सुरू केले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस भारतात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो.

मराठीत एक म्हण आहे : 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.' चणे मिळणे आपल्या हाती असेल वा नसेल. दात सांभाळणे मात्र नक्कीच आपल्या हाती आहे. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासा. रमजानमध्ये सहेरीनंतर घासा. मिस्वाक वापरत असाल, तर अवश्य वापरा. पण मागच्या दाढा विसरू नका.

शब्दार्थ
तज्ज्ञ – माहिर. संवेदना – एहसास. हिरडी – मसूडा. कवळी – नकली दांत. ठणका – टीस. चट्टा – धब्बा. आखडणे – सुकड़ना. कर्करोग – कॅन्सर. गैरसमज – ग़लतफ़हमी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दुधाचे दात किती असतात?
(आ) पहिल्या पायरीवर कीड का दुखत नाही?
(इ) मशेरी म्हणजे काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेकडे घरातील माणसांचे दुर्लक्ष होते.
(आ) हिरड्यांतून रक्त आले तरी दात घासणे सोडू नये.

प्र. ३. जोड्या लावा.
(अ) वेडेवाकडे दात – (१) मुखशल्यचिकित्सक
(आ) आडवी अक्कलदाढ – (२) कवळी बनवणारे तज्ज्ञ
(इ) दात नसलेली नानी – (३) तारा लावणारे तज्ज्ञ

प्र. ४. वाक्यात उपयोग करा : दात-ओठ खाणे (खूप रागावणे), दाताच्या कण्या करणे (पुन्हा पुन्हा विनवणे).

उपक्रम : घरातील प्रत्येकाची तीन बोटांची चाचणी घ्या. तिन्ही बोटे न जाणारी व्यक्ती आढळल्यास तिला डॉक्टरांकडे जाण्याची विनंती करा.