गिअरपेटीचे तेल

गावात आता जुन्या मोटारी पुष्कळ झाल्या आहेत. कोणी दूध नेतो, कोणी भाजी. एंजिनचे तेल सगळे वेळेवर बदलतात. पण बहुतेक गाड्यांत गिअरपेटीला वेगळे तेल असते, हे ध्यानात राहत नाही. आम्हालाही बरेच दिवस ठाऊक नव्हते.

गिअरपेटी म्हणजे दातेरी चाकांची बंद पेटी. लहान चाकाने मोठे चाक फिरवले की वेग घटतो आणि जोर वाढतो. म्हणून चढावर पहिला गिअर घालतात. या दातांवर भार फार असतो. मध्ये तेलाचा थर असतो, म्हणूनच ते टिकतात. तेल घटले तर पेटी घुरघुरते. मग गिअर अडतो. शेवटी पेटी उतरवावी लागते, आणि तो खर्च गरिबाला झेपत नाही.

हे तेल एंजिनच्या तेलासारखे जळत नाही. कमी झाले तर कुठून तरी गळतेच. तेव्हा गाडी रात्री जिथे उभी असते, तिथली जमीन सकाळी पाहावी.

आता आमची फजिती सांगतो. पेटीला दोन बुचे असतात. एक खाली, तेल सोडायला. दुसरे वर कुशीला, तेल भरायला. आम्ही आमच्या जुन्या जीपचे खालचे बूच आधी खोलले. तेल घमेल्यात उतरले. आम्ही खूश! मग वरचे बूच खोलायला गेलो, तर ते गंजून घट्ट बसलेले. पाना घसरून त्याचे कोपरे गेले. पेटी रिकामी, आणि सकाळी भाच्याचे टोमॅटो बाजारात न्यायचे! शेवटी भाड्याचा टेंपो आणला. भाचा दोन दिवस बोलला नाही.

म्हणून वरचे बूच आधी खोलावे. ते निघाले, तरच खालच्याला हात लावावा.

गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते. मग सपाट जागी उभी करावी. एंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. जीप उंच असते, तिच्याखाली सरकता येते. मोटार बसकी असेल, तर ती सारखी उचलून लोखंडी स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. विटाही नकोत, विटा फुटतात. यात माणसे मेली आहेत.

पुष्कळ गाड्यांत खालच्या बुचाला लोहचुंबक असते. त्यावर राखाडी लगदा दिसला तर घाबरू नये, ती रोजची झीज आहे. पण दाताचा तुकडा किंवा लोखंडाचे कण हाताला लागले, तर गाडी मिस्त्रीला दाखवावी. मग बूच पुसून, नवी चकती घालून बसवावे. आता वरच्या भोकातून तेल भरावे. भोकाच्या काठाशी येऊन ते ओघळू लागले की पुरे. काही गाड्यांची रीत निराळी असते, ती गाडीच्या पुस्तकात पाहावी.

तेल कोणते, तेही पुस्तकातच असते. डब्यावर ‘जीएल’ ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे ४ किंवा ५ हा आकडा असतो. दुकानदार म्हणेल, ‘‘काका, पाच चारापेक्षा भारी!’’ ऐकू नये. गिअर बदलताना चाकांचा वेग जुळवायला पुष्कळ पेट्यांत पितळी कड्या असतात. जीएल ५ मधली काही तेले पितळ खातात. पुस्तकातला आकडा आणि डब्यावरचा आकडा बोट ठेवून जुळवून पाहावा. इंग्रजी येत नसले तरी एवढे जमते.

जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. तारीख आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. दुसऱ्या दिवशी बुचाखाली पुन्हा एकदा डोकवावे.