घूंऽऽ आवाज कुठून येतो?

इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो असं आपण सगळेच धरून चालतो. खरं तर तिच्यात आवाज भरपूर असतात. पेट्रोलच्या गाडीत ते इंजिनाच्या धडधडीखाली झाकले जातात, एवढंच. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत घुमल्यासारखं काही ऐकू आलं की पहिला संशय बिचाऱ्या मोटरवर. आणि मोटर म्हटली की बिल मोठं!

माझे मामा इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतात. गेल्या पावसाळ्यानंतर तिला ४० च्या वेगापुढे घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. एका गॅरेजवाल्याने छोटी चक्कर मारली आणि सांगून टाकलं, "मोटर-गिअरबॉक्सचा सेट बदला." वॉरंटी संपलेली, कर्जाचे हप्ते चालू. मामा मला म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग बघ की जरा."

अशा वेळी पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: आवाज कशाबरोबर बदलतो?

गाडी उभी असतानाही येत असेल तर कूलंटचा पंप, पंखा किंवा एसीचा कॉम्प्रेसर. एसी बंद करून पाहिलं की निम्मं उत्तर मिळतं. फक्त हळू चालताना आणि रिव्हर्सला येत असेल तर तो बिघाडच नाही. पादचाऱ्यांना कळावं म्हणून स्पीकरमधून मुद्दाम काढलेला आवाज असतो तो. युरोपात नव्या मॉडेलना तो जुलै २०१९ पासून सक्तीचा आहे. इन्व्हर्टरचा आवाज म्हणजे बारीक शिट्टी, बहुधा काही हजार हर्ट्झची, आणि ती मुख्यतः पेडल दाबल्यावर जाणवते. आमचा आवाज यातला कुठलाच नव्हता. तो वेगाबरोबर चढत होता.

मग भार बदलून पाहिला. मोकळ्या रस्त्यावर मामा गाडी चालवत होते, मी शेजारी मोबाईल धरून रेकॉर्डिंग करत होतो. आधी पेडल दाबून, मग सोडून (म्हणजे रिजनरेशन चालू), शेवटी क्षणभर न्यूट्रलमध्ये. तिन्ही वेळा आवाज तोच. गिअरचे दात वाजत असते तर पेडल सोडल्यावर दाताची दुसरी बाजू भार घेते आणि आवाजाची जात बदलते. तसं झालं नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, व्हायवाला विचारतील. पेट्रोलच्या गाडीत न्यूट्रल केलं की इंजिन चाकांपासून सुटतं. इलेक्ट्रिक गाडीत बहुधा क्लच नसतोच. न्यूट्रलमध्ये फक्त टॉर्क जातो, मोटरचा रोटर चाकांबरोबर फिरतच राहतो. म्हणजे या चाचणीने मोटरचं बेअरिंग सुटत नाही. त्यासाठी गणित करावं लागतं.

टायरचा घेर सुमारे १.९ मीटर. ६० च्या वेगाला, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, चाक सेकंदाला ८.८ फेरे घेतं. गिअरचं प्रमाण ९ धरलं तर मोटर सुमारे ७९ फेरे. बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर खड्डा पडला असेल तर एका फेऱ्यात साधारण ०.४ गुणिले गोळ्यांची संख्या इतके ठोके पडतात. चाकाच्या बेअरिंगमध्ये एका ओळीत १३ गोळ्या धरल्या तर सुमारे ४६ हर्ट्झ. मोटरच्या बेअरिंगमध्ये ९ धरल्या तर २८० च्या पुढे. दोन्हींत केवढं अंतर, बघा! मोबाईलच्या स्पेक्ट्रम अॅपवर आम्हाला ओळीने रेषा दिसल्या, एकमेकींपासून ४७ च्या आसपास. ४० च्या वेगाला हेच अंतर ३१ वर आलं. मोटर सुटली.

राहिला टायर. पण टायरचा आवाज काँक्रीटवर एक आणि डांबरावर दुसरा येतो, आमचा तसा बदलत नव्हता. पुढचे टायर मागे टाकले तरी आवाज पुढेच. स्टिअरिंग हलकेच उजवीकडे वळवलं की वाढायचा, डावीकडे वळवलं की कमी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून पुढचं डावं चाक. गाडी उचलून, स्प्रिंगवर बोटं ठेवून चाक हाताने फिरवलं तर खरखर थेट बोटांना लागली. (गाडी उचलताना जॅक कंपनीने दिलेल्या जागीच लावा, खाली बॅटरी असते. आणि केशरी केबलला अजिबात हात लावायचा नाही.)

बेअरिंग बदलायला हायड्रॉलिक प्रेसवाला गाठला. जुन्यातलं ग्रीस तपकिरी झालेलं, रेसवर खड्डे. नवीन बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर दिला तर तो गोळ्यांतून जातो, रेसवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमतं. एबीएसची चुंबकीय बाजू सेन्सरकडे हवी. अॅक्सलचा नट नवा, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळलेला, आणि तो आवळल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकायचं नाही. सगळा खर्च काही हजारांत आटोपला.

नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा रेकॉर्डिंग केलं. ४७ च्या रेषा गेल्या होत्या. १९०० हर्ट्झजवळ एक बारीक रेषा मात्र आधीसारखीच होती. ती मोटरची. आठ पोलच्या मोटरमध्ये रोटरच्या एका फेऱ्याला २४ स्पंदनं येतात, ७९ ला २४ ने गुणून पाहा. मामांना ती आता रोज ऐकू येते. मी म्हटलं, "मामा, तेवढी राहू द्या."