प्रवासलेखनातील प्रस्थान : दक्षिणेकडे निघालेले जहाज



प्रवासवर्णन म्हटले की आपले लक्ष मुक्कामाच्या स्थळाकडे जाते. या पाठात त्याआधीचा टप्पा पाहू : सामान चढवणे, जहाजात शिरणे आणि तेथे राहायला शिकणे. नवखा लेखक हा भाग चार ओळींत उरकतो. त्याला हिमनग आणि पेंग्विन गाठायचे असतात. ध्रुवीय प्रवासात ही घाई विशेष नडते.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. नांदगावच्या माणसाला गोवा म्हणजे शेजारघर; तरीही या प्रस्थानाचा गाजावाजा त्याच्या कानी आला नसता, कारण मोहीम गुप्त ठेवलेली होती. 'पोलर सर्कल' या भाड्याच्या जहाजावर २१ सदस्य होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतले. हिशेब करून पाहा. सुमारे अडीच महिन्यांच्या मोहिमेत बर्फावरचा मुक्काम दहाएक दिवसांचा, बाकी सारा काळ समुद्रावरचा. जहाज वगळणारा लेखक मोहीमच वगळतो.

१९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत तर अख्खे घरच जहाजात भरून न्यायचे होते. 'दक्षिण गंगोत्री' हे केंद्र तेथे उभारायचे, म्हणून इमारतीचे सुटे भागही सामानात होते. एखादा खिळा विसरला तर परत येऊन नेण्याची सोय नाही. गोव्यापासून सत्तर अंश दक्षिणेपर्यंत सरळ रेघ ओढली तरी अंतर नऊ हजार किलोमीटरांहून अधिक भरते. मोहिमेनंतर बारा जण हिवाळाभर मागे राहणार होते. त्यांचे जगणे सामानाच्या यादीवर अवलंबून होते. म्हणून यादी हा प्रस्थानवर्णनातला रुक्ष भाग मानू नका. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत याच मोहिमेत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला.

आता जहाजात शिरू. पहिल्या दिवसांत नव्या प्रवाशाला धोक्याचा भोंगा ओळखायला शिकवतात : सात आखूड आणि एक लांब. तो ऐकताच जीवरक्षक जाकीट घालून ठरलेल्या जागी उभे राहायचे. मग खोलीतील प्रत्येक वस्तू बांधायची, कारण चाळीस अंश दक्षिणेच्या पलीकडे पश्चिमेचे वारे मोकाट सुटतात आणि सुटी पेटी रात्रभर भिंतीवर आपटत राहते. ताटे घसरू नयेत म्हणून जेवणाच्या टेबलावर ओले कापड अंथरतात. ताजी भाजी प्रथम संपते. जहाज दक्षिणेकडे सरकते तसा उन्हाळ्यातला दिवस लांबत जातो आणि अखेरीस रात्रच उरत नाही. झोपण्यासाठी खिडकी झाकावी लागते. वर्णनाचे बळ अशाच तपशिलांत असते. 'विशाल सागर' हे शब्द कोणालाही घरबसल्या लिहिता येतात.

येथे भाषेकडेही लक्ष द्या. मराठीत बोट धक्क्याला लागते आणि माणसालाही बोट लागते. पहिल्या अर्थाने प्रवासी सुखावतो, दुसऱ्या अर्थाने आडवा होतो. 'समुद्रामुळे होणारा आजार' अशी बोजड रचना करण्यापेक्षा 'त्याला बोट लागली' एवढे तीन शब्द पुरेत. कोकणात 'तो बोटीवर असतो' असे म्हटले की त्याची नोकरी, पगार आणि घरापासूनचा दुरावा एकदम कळतो. इतके काम करणारे वाक्य शोधून सापडणार नाही.

स्वयं-अध्ययन : नांदगावातील एक तरुण स्वयंपाकी अशा जहाजावर प्रथमच जात आहे, अशी कल्पना करा. तो मुरगावच्या धक्क्यावर पोहोचल्यापासून जहाजावरील पहिला स्वयंपाक होईपर्यंतचे वर्णन २०० शब्दांत लिहा. तांदळाची पोती कोठे ठेवली, चुलीवरचे भांडे कशाने अडकवले आणि घरी शेवटचा निरोप कोणाकरवी पाठवला, हे त्यात आले पाहिजे. समुद्राच्या रंगाचे वर्णन करू नये.